ताणाची शिल्लक

खड्डा नव्हता, गतिरोधक नव्हता, मागे कॅरिअरवर ओझंही नव्हतं. श्रावणातली सकाळ, सेंट्रल अव्हेन्यूचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंनी झाडांची ओली सावली. सायकल आपल्या चालीने चालली होती आणि मागच्या चाकात एकदम ‘टण्’ असा आवाज झाला. तंबोऱ्याची तार तुटावी तसा, कोरडा आणि एकदाच. दोन फेऱ्यांत चाक डुलायला लागलं आणि रिम चिमट्याला घासू लागली. उतरून पाहिलं तर एक स्पोक हबपाशी तुटून लोंबत होता. पाच महिन्यांतला हा तिसरा.

भिलाईत स्पोकला तीली म्हणतात. आमच्या घरी आई-वडील गावाकडच्या सवयीने आरा म्हणत. शाळेत मी भौतिकशास्त्र शिकवतो, तिथे त्याला काय म्हणायचं हा प्रश्न कधी आला नाही, कारण पाठ्यपुस्तकातलं चाक म्हणजे एक वर्तुळ असतं, त्यात तारा नसतात. माझ्या अठ्ठावीस इंची सायकलच्या पुढच्या चाकात बत्तीस आणि मागच्या चाकात चाळीस तारा आहेत. ही वाटणी इंग्लंडच्या जुन्या रोडस्टर सायकलींपासून चालत आली. मागच्या चाकावर बसणाऱ्याचं वजन जास्त येतं, साखळीची ओढही तिथेच, म्हणून आठ तारा जास्त. तीस वर्षं या सायकली चालवूनही या बहात्तर तारांकडे मी लक्ष दिलेलं नव्हतं. पहिली तुटली तेव्हा जवळच्या दुकानात नवी घातली आणि विसरून गेलो. दुसरी तुटली तेव्हा वाटलं, तारच हलकी निघाली. दोन्ही वेळा काम दहा मिनिटांत झालं. फ्रीव्हील न काढताच नवी तार वाकवून भोकात सरकवली, बाजूच्या दोन-तीन तारा पिळल्या, आऊट, म्हणजे चाकाचं डुलणं, काढला, चाक सरळ दिसायला लागलं. मी पैसे दिले आणि निघालो. चाक सरळ दिसतं म्हणजे ते नीट आहे, असं मला वाटत होतं.

तिसऱ्या वेळी सायकल ढकलत पॉवर हाऊसकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना कका म्हणतात. छत्तीसगढीत कका म्हणजे काका. त्यांनी सायकल उलटी केली, चाक एकदा फिरवलं आणि थांबवलं. मग तुटलेल्या तारेला हातही न लावता बोटाच्या नखाने बाकीच्या तारा एकेक करून छेडायला सुरुवात केली. एक ठणकली, शेजारची बद्द वाजली, तिसरी वाजलीच नाही, नुसती थरथरली. एकोणचाळीस तारा छेडून झाल्यावर ते म्हणाले, “गुरुजी, तुटलेली तर कळली. या बाकीच्यांचं काय करायचं?” एक तार घालून द्यायला त्यांनी नकार दिला. चाक पूर्ण सोडून नव्याने बांधावं लागेल, संध्याकाळी या, म्हणाले.

ताणलेली तार किती ताणली आहे हे डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतं. आपल्या भाषेने ते कधीच ओळखलं आहे. संस्कृतातला ‘तन्’ हा धातू ताणण्याचा, पसरण्याचा. त्यातूनच तंतू आला, तंत्र आलं, गवयाची तान आली आणि ज्याला आज आपण सारखी नावं ठेवतो तो ताणही आला. धातू किती ओढला जाऊ शकतो याला विज्ञानाच्या पुस्तकात तन्यता म्हणतात, तीही याच घरची. तंबोरा जुळवणारा जे करतो तेच कका करत होते. फरक एवढाच, की तंबोऱ्याच्या सगळ्या तारा एकाच सुरात लावायच्या नसतात, आणि चाकाच्या एका बाजूच्या सगळ्या तारा एकाच सुरात बोलायला हव्यात.

त्या दिवशी शाळेतून येईपर्यंत माझ्या डोक्यात चाकच फिरत होतं. वडिलांच्या गावी, वर्ध्याकडे, लहानपणी बैलगाडीची चाकं बनताना पाहिली होती. मध्ये लाकडी तुंबा, त्यात ठोकलेले जाडजूड आरे, बाहेर लाकडी कड आणि तिच्यावर लोखंडी धाव. ती धाव चाकापेक्षा किंचित लहान घडवत, लाल होईपर्यंत तापवून फुगवत, चाकावर चढवत आणि वरून घागरीने पाणी ओतत. वाफेच्या लोटात धाव आकसायची आणि सगळे आरे तुंब्याकडे दाबले जायचे. गाडीच्या चाकातला आरा हा खांब आहे. त्याच्यावर भार येतो तेव्हा तो दाबला जातो, आणि दाब सोसायचा तर जाड असावंच लागतं. हजारो वर्षं माणसाला चाक असंच माहीत होतं. कोणार्कच्या दगडी चाकांतले जाड आणि बारीक आरे पाहा, तेही खांबच आहेत.

सायकलच्या तारेला खांब होता येत नाही. जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची ती तार उभी धरून वरून दाबली तर लगेच वाकते. तिला एकच गोष्ट येते, ओढणं. या ओढण्याच्या बळावर चाक उभं करता येईल हे इंग्लंडच्या जॉर्ज केली यांना १८०८ मध्ये सुचलं. उडत्या यंत्राची स्वप्नं पाहणारा हा माणूस त्याच्यासाठी हलकं चाक शोधत होता. १८६९ मध्ये पॅरिसच्या यूजीन मेयर यांनी तारेच्या चाकाचं पेटंट घेतलं. १८७४ मध्ये जेम्स स्टार्ली यांनी तारा हबपासून सरळ बाहेर न नेता तिरप्या, एकमेकींना ओलांडत नेल्या, म्हणजे पायडलचा जोर हबकडून रिमपर्यंत पोचताना तारा मुरगळत नाहीत. आज भिलाईच्या सायकलीत दिसते ती जाळी तेव्हापासूनची.

पण मला चकित करणारी गोष्ट वेगळी आहे. माझं वजन या तारांपैकी नेमकी कोण उचलते? सहज वाटतं, हब वरच्या तारांना लटकलेला असणार. मीही वर्गात एकदा तसंच सांगितलं होतं. जॉब्स्ट ब्रँट या अभियंत्याने १९८१ मध्ये फक्त सायकलच्या चाकावर एक पुस्तक लिहिलं आणि हिशेबाने दाखवलं, की माणूस सायकलवर बसला की वरच्या तारांत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो जमिनीपाशी असलेल्या चार-पाच तारांत, आणि तिथे ताण वाढत नाही, कमी होतो. चाक बांधताना त्यांच्यात जो ताण साठवून ठेवलेला असतो, त्यातला थोडा त्या सोडतात. ते सोडणं हेच त्यांचं वजन पेलणं. चाक पुढे जातं, खालची तार वर येते, तिचा ताण तिला परत मिळतो, आणि पुढच्या तारेची पाळी येते.

हे समजल्यावर माझ्या तिन्ही तुटक्या तारांचा उलगडा झाला. जिच्यात ताण भरलेला आहे तीच तार खाली आल्यावर सैल होऊ शकते, आणि तरीही तिच्यात ताण उरतो. जी आधीच ढिली आहे तिच्याकडे सोडायला काही नाही. ती आपल्या पाळीला पूर्ण सैल पडते, हबच्या भोकात खुळखुळते आणि वर येताना हिसका बसून पुन्हा ताणली जाते. दर फेरीला तिचा वाक थोडा उघडतो, थोडा मिटतो. तिने न उचललेला भार शेजारणींवर जातो. आपण ढिल्या तारेकडे बघून म्हणतो, हिला बिचारीला आराम आहे. खरं तर झिजते तीच, आणि शेजारणींनाही झिजवते.

किती वेळा होतं हे? माझ्या चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास. शाळेत जाऊन-येऊन सोळा किलोमीटर धरले तर चाक रोज सात हजारांवर फेऱ्या घेतं. वर्षातले तीनशे दिवस धरले तर एकवीस लाखांच्या वर. प्रत्येक तारेने वर्षात तेवढ्या वेळा ताण सोडायचा आणि तेवढ्याच वेळा परत घ्यायचा.

लोखंड थकतं हे माणसाला फार मोठी किंमत देऊन कळलं. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस म्यूदोंपाशी तुटला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली, पन्नासहून जास्त माणसं गेली. चांगल्या लोखंडाचा आस, सरळ रूळ, आणि तरी तो तुटला. तेव्हा अनेकांना वाटलं, हादरे बसून बसून लोखंडाची जातच बदलते, आत खडे धरतात. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या रँकिन यांनी दाखवलं, की तसं काही नाही. जिथे कोपरा तीव्र असतो तिथे बारीक भेग धरते आणि ती फेरीगणिक आत शिरते. मग प्रशियाच्या रेल्वेतले ऑगस्ट व्हेलर यांनी १८७० पर्यंत अनेक वर्षं आस फिरवून, वाकवून, मोजून एक गोष्ट पक्की केली. एकदा ओढून जो धातू तुटणार नाही, तो त्याहून बऱ्याच कमी जोराने, पण लाखो वेळा, तुटू शकतो. आणि किती आयुष्य उरलं हे ठरवताना सर्वांत जास्त जोर किती होता यापेक्षा जोर किती चढ-उतार करत होता याला जास्त महत्त्व आहे.

मी माझी तुटकी तार प्रयोगशाळेतल्या भिंगाखाली धरली. जिथे ती हबच्या भोकातून बाहेर पडताना काटकोनात वळते, नेमकी तिथेच तुटली होती. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग काळपट आणि गुळगुळीत होता, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक वळ्या. उरलेला भाग चकचकीत आणि खरबरीत. म्हणजे ती त्या सकाळी सेंट्रल अव्हेन्यूवर तुटली नव्हती. काळपट भाग कितीतरी महिने आधीपासून उघडत आलेला होता. मला ऐकू आला तो आवाज उरलेल्या चकचकीत भागाचा, शेवटच्या धाग्याचा होता.

ही गोष्ट या गावात राहून मला इतक्या उशिरा कळावी याचं दुःख वाटतं. इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी १९५५ च्या फेब्रुवारीत करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं आणि १९६० पासून भिलाईत रूळ बनू लागले. माझे वडील त्याच रेल मिलमध्ये होते. आज इथल्या नव्या मिलमध्ये एकशेतीस मीटरचा अखंड रूळ निघतो आणि दोन जोडून दोनशेसाठ मीटर लांबीचे रूळ रवाना होतात. प्रत्येक रूळ बाहेर पडण्याआधी ध्वनिलहरींनी तपासला जातो, पोटात भेग आहे का हे बघायला. तो मार्गावर बसवल्यानंतरही काम संपत नाही. हातोडा खांद्यावर टाकून चाबीवाला रोज आपल्या वाट्याचे काही किलोमीटर चालतो, सैल झालेल्या चाव्या ठोकून बसवतो. सुपेल्याकडून सेक्टरांत येताना रेल्वेमार्ग लागतो, तिथे मी त्याला वर्षानुवर्षं पाहत आलो. काहीही तुटलेलं नसताना हा माणूस रोज काय ठोकतो, असं लहानपणी वाटायचं. काहीही तुटलेलं नसतं ते त्याच्यामुळे.

वडिलांच्या पाळ्या आठवतात. सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा. झोतभट्टी रात्र झाली म्हणून विझवता येत नाही. ती थंड पडली तर आतलं लोखंड थिजतं. म्हणून कोणीतरी सतत जागं हवं. पाळी बदलायच्या वेळी गेटकडच्या रस्त्यांवर सायकलींची रांग लागायची, जाणाऱ्यांची आणि येणाऱ्यांची, दोन उलट्या दिशांचे दोन ओढे. घरी एक शब्द कानावर सारखा पडायचा: रिलीव्हर. रिलीव्हर आला की वडील निघायचे. तो आला नाही तर आई ताट झाकून ठेवायची, कारण जागा सोडून निघता येत नाही. एक माणूस आला नाही तर त्याचे आठ तास दुसऱ्याच्या अंगावर. ते एकदा निभतं. दर आठवड्याला एकाच्याच अंगावर आले, तर पुढे तो आजारी पडतो, मग त्याचे तास तिसऱ्यावर. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, या खात्यातली माणसंच कमजोर. कोणी म्हणत नाही की पाळ्याच नीट लावलेल्या नाहीत.

पहिल्या दोन तारा तुटल्या तेव्हा मी तारांनाच दोष दिला होता. प्रत्येक वेळी नवी तार घातली आणि प्रत्येक वेळी चाक सरळ दिसावं म्हणून शेजारच्या दोन-तीन तारा पिळल्या गेल्या. कुठे फार घट्ट, कुठे फार ढिली, आणि सगळ्यांचं मिळून चाक मात्र गोल. विषमतेनेही वर्तुळ काढता येतं, काही दिवस. पुढची तार कुठे तुटणार हे प्रत्येक दुरुस्तीत आधीच ठरत होतं. आपल्या घरांत, शाळांत, कचेऱ्यांत मी हे पाहिलं आहे. एक जण मोडला की आपण त्याच्या जागी दुसरा आणतो, उरलेल्यांना थोडं आणखी पिळतो, आणि सगळं सुरळीत चाललं म्हणतो. न मोडलेल्यांना छेडून बघायला कुणाला वेळ नसतो.

चाकाकडे पाहून माणसं फार पूर्वीपासून विचार करत आली. उपनिषदांच्या ऋषींना रथाच्या नाभीत रोवलेल्या आऱ्यांत सगळं विश्व एका प्राणात रोवलेलं दिसलं. चीनमध्ये लाओत्सेंनी तीस आऱ्यांच्या मधली पोकळी पाहिली, जिच्यामुळे चाक चाक होतं. ‘मेघदूता’तल्या यक्षाला चाकाच्या धावेत नशिबाचं वर-खाली होणं दिसलं, आणि त्यातून त्याने विरहात धीर धरला. तिघांनीही लाकडी चाक पाहिलं होतं. तारेचं चाक त्यांच्या समोर असतं तर, मला वाटतं, यक्षाला आणखी एक आधार सापडला असता. वर-खाली होणं नुसतं सोसायचं नसतं. खाली जायची पाळी येण्याआधी जो ताण आपण जपून ठेवलेला असतो, तोच त्या पाळीला खर्च होतो. ताण वाईट आणि सैलपणा चांगला, असं आपण सध्या सरसकट बोलतो. तारेचं म्हणणं वेगळं आहे. ताण सगळ्यांत सारखा वाटलेला असेल तर तोच विश्रांतीची सोय करतो.

संध्याकाळी गेलो तेव्हा कका चाक बांधत होते. जुन्या चाळीसही तारा एका बाजूला पडलेल्या. हबच्या भोकांतून नव्या तारा एक आतून, एक बाहेरून अशा ओवल्या होत्या. प्रत्येक तार रिमकडे जाताना तीन तारांना ओलांडून जात होती. रिममध्ये तार पकडून ठेवणाऱ्या निपलच्या आट्यांवर तेलाचा एकेक थेंब. मग पाना घेऊन सगळ्या निपल अर्धा अर्धा फेरा, रांगेने, एकही न गाळता. मग पाव पाव. अंगठा चिमट्याला टेकवून त्यांनी नख रिमच्या अगदी जवळ धरलं आणि चाक हळू फिरवलं. जिथे रिम नखाला लागली तिथे थांबून समोरच्या बाजूची तार किंचित घट्ट, या बाजूची किंचित ढिली. “एकीला कसली की दुसरीला विचारायचं,” ते म्हणाले. पाऊण तास हे चाललं.

शेवटी त्यांनी जे केलं ते मी आधी कुठेच पाहिलेलं नव्हतं. दोन-दोन समांतर तारा दोन्ही मुठींत धरून त्यांनी जोराने एकमेकींकडे दाबल्या. सगळं चाक असं मुठीमुठीने दाबत फिरले. आतून कट्, कट् असे बारीक आवाज आले. निपल फिरवताना तारांना पडलेला पीळ त्या दाबाने सुटतो, हबच्या भोकातला वाक नीट बसतो, आणि त्या वाकात दडून राहिलेला ताण निघून जातो. पहिली भेग धरते ती त्या दडलेल्या ताणापाशी. मग त्यांनी पुन्हा एकदा आऊट पाहिला, दोन निपल पाव फेरा फिरवले आणि नखाने सगळ्या तारा छेडल्या. चाळीस तारा, दोन बाजू, दोन सूर.

चार महिने झाले. आता रविवारी सकाळी सायकल पुसताना मी तारा छेडून पाहतो. कान तयार व्हायला वेळ लागला. सुरुवातीला सगळ्या सारख्याच वाटायच्या. गेल्या रविवारी फ्रीव्हीलच्या बाजूची एक तार बाकीच्यांपेक्षा खाली बोलली. दिसायला काहीच नव्हतं. चाक सरळ, रिम स्वच्छ, तार कुठे वाकलेली नाही. मी पाना लावला, निपल पाव फेरा फिरवला, तिच्या दोन्ही शेजारणींना छेडून पाहिलं, आणि तिला पुन्हा छेडलं. ती त्यांच्या सुरात आली होती.